साथीतील प्रतिनियुक्ती आणि ग्रामीण सेवेचे गुण

पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रवेशात ग्रामीण व दुर्गम भागात केलेल्या सेवेबद्दल वाढीव गुण देण्याची पद्धत देशातील अनेक राज्यांनी अवलंबिली. या गुणांचा हिशेब सरळ असतो. डॉक्टरची नेमणूक कोणत्या आरोग्य केंद्रात होती, ते केंद्र शासनाने दुर्गम म्हणून जाहीर केलेल्या यादीत आहे काय आणि तेथे किती वर्षे काम झाले, एवढ्या तीन गोष्टी तपासल्या की प्रमाणपत्र तयार होते. २०२० च्या मार्चमध्ये कोविडची साथ आली आणि हा सरळ हिशेब बिघडला. नेमणूक धडगाव वा भामरागडसारख्या तालुक्यातील आरोग्य केंद्रात, पगार तेथूनच, पण प्रत्यक्ष काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोविड रुग्णालयात, अशी स्थिती निर्माण होऊ लागली. शासनाच्याच आदेशाने खेड्यातून हलविलेल्या डॉक्टरचे ते महिने ग्रामीण सेवेत धरावयाचे की वगळावयाचे, हा प्रश्न त्यातून उद्भवला. वरवर पाहता तो काही उमेदवारांच्या गुणांपुरता वाटतो. वस्तुतः ग्रामीण सेवेला दिलेले उत्तेजन नेमके कशासाठी आहे, याचीच त्यात कसोटी लागते.

गुण देण्यामागील विचार

खेड्यांना डॉक्टर मिळत नाही ही तक्रार स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. १९४६ मध्ये भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली आणि पुढे सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रे उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हे प्रमाण मान्य झाले. इमारती झाल्या, उपकरणे आली, निवासस्थानेही बांधली गेली. परंतु पदवी घेतलेला तरुण डॉक्टर तेथे टिकेना. त्याचे कारण केवळ गैरसोयीचे नव्हते. आजच्या वैद्यकशास्त्रात एम.बी.बी.एस. ही पदवी म्हणजे अर्धा प्रवास समजला जातो. एम.डी. किंवा एम.एस. करावयाचे असेल तर चुरशीची परीक्षा द्यावी लागते आणि तिची तयारी शहरात, शिकवणीवर्गांच्या सान्निध्यात, नोकरी न करता करणे सोयीचे. जो डॉक्टर तीन वर्षे बाळंतपणे, सर्पदंश, कुटुंबनियोजनाची शिबिरे आणि शवविच्छेदने यांत घालवितो, तो या शर्यतीत साहजिकच मागे पडतो. खेड्यात गेल्याबद्दल त्याला एक प्रकारे दंडच होतो.

हा दंड भरून काढावा असे न्यायालयांनाही वाटले. १९९२ मध्ये ओरिसा राज्यासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षे वा अधिक ग्रामीण सेवा केलेल्या सेवेतील उमेदवारांना जास्तीत जास्त ५ टक्के वाढीव गुण देण्याचा विचार व्हावा, असे सुचविले होते. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने याहून वेगळी वाट धरली. तेथे पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण भागातील सेवा हीच अनेक वर्षे पूर्वअट होती. एका ठिकाणी सेवेबद्दल गुण आणि दुसऱ्या ठिकाणी सेवा केल्यावाचून प्रवेशच नाही, असे हे दोन मार्ग होते. हेतू एकच होता.

देशपातळीवर या विचाराला नियमाचे रूप भारतीय वैद्यक परिषदेच्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांनी दिले. २००० च्या या विनियमांतील नवव्या कलमात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार, शासकीय सेवेतील डॉक्टरांना दुर्गम अथवा खडतर भागातील सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी प्रवेश परीक्षेत मिळालेल्या गुणांच्या १० टक्के, आणि एकूण जास्तीत जास्त ३० टक्के, प्रोत्साहनपर गुण देता येतील अशी तरतूद झाली. २०१८ च्या दुरुस्तीने या तरतुदीत ग्रामीण भागाचाही समावेश झाला. दुर्गम, खडतर वा ग्रामीण भाग कोणता, हे वेळोवेळी जाहीर करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे ठेवण्यात आला. म्हणजे गुणांचे प्रमाण केंद्रीय नियमाने ठरले, पण गावांची यादी करणे आणि सेवेचा दाखला देणे राज्याकडे राहिले. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ या दुसऱ्या भागात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. दहा टक्के हे परीक्षेच्या एकूण गुणांचे नव्हेत, उमेदवाराने मिळविलेल्या गुणांचे आहेत. त्यामुळे अभ्यास न करता केवळ सेवेच्या बळावर कोणी गुणवत्ता यादीच्या शिखरावर पोहोचत नाही. ३०० गुण मिळविणाऱ्याला तीन वर्षांबद्दल ९० गुण मिळतात. ६०० मिळविणाऱ्याला १८० मिळतात. शिवाय हा लाभ राज्याच्या वाट्याच्या जागांपुरताच असतो. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि तेथे या गुणांचा उपयोग होत नाही.

दोन निकाल

या तरतुदीची घटनात्मक बाजू दोन निकालांनी उलगडली. १६ ऑगस्ट २०१६ रोजी उत्तर प्रदेश शासन विरुद्ध दिनेश सिंह चौहान या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पदव्युत्तर पदवी अभ्यासक्रमात सेवेतील डॉक्टरांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवता येणार नाहीत. प्रोत्साहनपर गुण मात्र देता येतील. पदविका अभ्यासक्रमातील ५० टक्के जागा अशा डॉक्टरांना राखून ठेवण्याची तरतूद विनियमांतच होती, परंतु पुढे अनेक पदविका जागांचे पदवीच्या जागांत रूपांतर झाले आणि ती वाट आकुंचित झाली.

चार वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे साथ ऐन भरात असताना, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू वैद्यकीय अधिकारी संघटनेच्या प्रकरणात पूर्वीची ही भूमिका बदलली. राज्यांना समवर्ती सूचीतील पंचविसाव्या नोंदीनुसार सेवेतील डॉक्टरांसाठी पदवी अभ्यासक्रमातही स्वतंत्र प्रवेशमार्ग ठेवण्याचा अधिकार आहे, असा निर्वाळा घटनापीठाने दिला. त्याचबरोबर असेही सांगितले की, या मार्गाने पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनी त्यानंतर किमान पाच वर्षे ग्रामीण, आदिवासी व डोंगरी भागात सेवा करावी अशी योजना राज्यांनी आखावी. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शासकीय व महानगरपालिकांच्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी २० टक्के जागा सेवेतील डॉक्टरांसाठी ठेवण्याचा निर्णय घेतला, तो याच अधिकारात. २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे विनियम काढले. प्रस्तुत विवेचन साथीच्या वर्षांत लागू असलेल्या नियमांना अनुसरून आहे. मार्ग गुणांचा असो वा राखीव जागांचा, सेवेची वर्षे मोजावी लागतातच आणि ती कशी मोजावयाची हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच उभा राहतो.

साथीत काय घडले

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. १३ मार्च रोजी राज्यात साथरोग अधिनियम लागू करण्यात आला. हा कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. सव्वाशे वर्षांनंतर तो त्याच प्रदेशात पुन्हा कामी यावा हा एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे. या कायद्याच्या आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांना मनुष्यबळ हवे तेथे वळविण्याचे व्यापक अधिकार मिळाले.

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने उपचाराची त्रिस्तरीय रचना ठरवून दिली. सौम्य रुग्णांसाठी कोविड काळजी केंद्र, मध्यम रुग्णांसाठी समर्पित कोविड आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित कोविड रुग्णालय अशी ही रचना होती. पहिल्या प्रकारची केंद्रे वसतिगृहांत, आश्रमशाळांत, मंगल कार्यालयांत सुरू झाली. तिसऱ्या प्रकारची रुग्णालये अर्थातच जिल्ह्याच्या वा महानगराच्या ठिकाणी होती, कारण प्राणवायूच्या वाहिन्या, श्वसनयंत्रे आणि अतिदक्षता कक्ष तेथेच होते. डॉक्टर मात्र सर्वत्र तेवढेच होते. नवे डॉक्टर एका महिन्यात तयार होत नाहीत; असलेलेच हलवावे लागतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी एकास तालुक्याच्या काळजी केंद्रात, तर कधी थेट जिल्हा रुग्णालयात पाठविण्याचा मार्ग प्रशासनाने पत्करला. काही वेळा तो आदेश दूरध्वनीवर मिळाला आणि कागद मागाहून आला. काही वेळा कागद आलाच नाही.

उलट दिशेनेही हालचाल झाली. शहरातील महाविद्यालयांतून बाहेर पडलेले तरुण डॉक्टर बंधपत्राच्या सेवेसाठी खेड्यांत जावयाचे, त्यांना कित्येक ठिकाणी महाविद्यालयाच्या रुग्णालयातच थांबविण्यात आले. काही शहरी डॉक्टर मात्र या निमित्ताने प्रथमच ग्रामीण भागात कामाला गेले.

याच काळात प्रवेशाचे वेळापत्रकही कोलमडले. १८ एप्रिल २०२१ रोजी होणारी पदव्युत्तर नीट परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली आणि अखेर ११ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यानंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद न्यायालयात गेल्याने प्रवेशप्रक्रिया जानेवारी २०२२ पर्यंत रखडली. परीक्षा पुढे जाण्याचे एक कारणच मुळी डॉक्टर साथीच्या कामात राहावेत हे होते. म्हणजे ज्या कामासाठी परीक्षा थांबली, त्याच कामाचे महिने परीक्षेच्या गुणांत धरावेत की नाही, हा वाद पुढे आला.

चार महिन्यांची किंमत

या वादाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने लक्षात येईल. एका डॉक्टरची नेमणूक यादीतील दुर्गम केंद्रात तीन वर्षे होती. त्यांपैकी चार महिने त्याला जिल्ह्याच्या कोविड रुग्णालयात काम करावे लागले. ८०० गुणांच्या परीक्षेत त्याला ४०० गुण मिळाले. चार महिने सेवेत धरले तर तीन वर्षे पूर्ण होतात, १२० गुण वाढतात आणि बेरीज ५२० होते. ते महिने वगळले आणि केवळ पूर्ण वर्षेच मोजली तर सेवा दोन वर्षांची ठरते, वाढ ८० गुणांची होते आणि बेरीज ४८० वर थांबते. चार महिन्यांची किंमत ४० गुण. एवढ्या गुणांत हजारो उमेदवार पुढेमागे असतात. स्त्रीरोग वा बालरोग या शाखांत जागा मिळणे अथवा आणखी एक वर्ष थांबणे एवढे अंतर त्यात सहज पडते.

आता त्याच यादीत ५०० गुण मिळविलेला दुसरा उमेदवार पाहावा. त्याने सेवा केलेली नाही, पण अभ्यास करून गुण मिळविले आहेत. पहिल्याचे चार महिने धरले तर तो पहिल्याच्या खाली जातो, न धरले तर वर राहतो. जागा ठरावीक असल्यामुळे एकाला दिलेला प्रत्येक गुण दुसऱ्याला खाली ढकलतो. म्हणूनच कर्तव्य बजावले आहे, देऊन टाकावे, एवढ्या औदार्याने हा प्रश्न सुटत नाही. येथे शासन स्वतःच्या तिजोरीतून देत नाही. दुसऱ्या उमेदवाराच्या संधीतून देते.

ठिकाण की नेमणूक?

सेवा न धरण्याच्या बाजूने जो युक्तिवाद करता येतो तो दुबळा नाही. नियम दुर्गम भागातील सेवेविषयी बोलतो. उत्तेजन खेड्यातील रुग्णाला डॉक्टर मिळावा म्हणून आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयात दिलेल्या सेवेने, ती कितीही मोलाची असली तरी, त्या खेड्याला डॉक्टर मिळाला नाही. उलट त्या काळात केंद्रावर एकच डॉक्टर उरला, बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद राहिला, अडलेल्या बाळंतिणीला चाळीस किलोमीटर दूर न्यावे लागले, असे घडले असेल तर त्याच महिन्यांबद्दल गावाच्या नावाने गुण देणे विसंगत ठरते. शिवाय ज्या डॉक्टरने तीनही वर्षे केंद्र सोडले नाही, ज्याने लसीकरणही केले, अलगीकरणातील घरेही तपासली आणि नेहमीची बाळंतपणेही पार पाडली, त्याच्यात आणि हलविलेल्या डॉक्टरमध्ये काहीच फरक न राहणे त्याला बोचू शकते.

तथापि दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. डॉक्टर स्वेच्छेने गेला नव्हता. त्याचे पद आणि त्या पदावरील धारणाधिकार मूळ केंद्रातच होता, पगाराचे देयक तेथूनच निघत होते, काम संपताच तो तेथेच परत रुजू होणार होता. आदेश मोडला असता तर त्याच्यावर साथरोग व आपत्ती कायद्यांखाली कारवाई झाली असती. एका हाताने आदेश द्यावयाचा आणि तो पाळल्याबद्दल दुसऱ्या हाताने सेवा खंडित धरावयाची, हे प्रशासनाच्या न्यायबुद्धीला शोभणारे नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते घातक आहे. पुढील साथीत असा आदेश निघाला की प्रत्येक डॉक्टर प्रथम आपल्या गुणांचा हिशेब करील.

या संदर्भात शिक्षकांचे उदाहरण बोलके आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामे देण्यास मनाई केली आहे. मात्र दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही कामे त्यातून वगळली आहेत. कोविडच्या काळात शिक्षकांनी घरोघरच्या सर्वेक्षणापासून तपासणी नाक्यापर्यंत अनेक कामे केली. त्या दिवसांत ते शाळेत नव्हते म्हणून त्यांची शाळेवरील सेवा खंडित झाली, असे कोणी म्हटले नाही. शासनाने सोपविलेले तात्पुरते काम मूळ पदावरील सेवेचाच भाग असते, हे तत्त्व तेथे गृहीत धरलेले आहे. डॉक्टरांच्या बाबतीत ते नाकारावयाचे असेल तर तसे स्पष्ट कारण नियमात असावयास हवे.

अर्थात हे साम्य शेवटपर्यंत ताणता येत नाही. शिक्षकाची सेवा मोजली जाते ती वेतनवाढ व ज्येष्ठता यांसाठी. डॉक्टरच्या सेवेचा येथे होणारा उपयोग स्पर्धेतील गुणांसाठी आहे. म्हणून मर्यादा घालणे प्राप्त आहे, आणि ती मर्यादा कोठे घालावयाची यावरच सारे अवलंबून आहे. दुर्गम केंद्रातील नेमणूक साथीपूर्वी किंवा साथीच्या काळात रीतसर झालेली असणे, तेथे प्रत्यक्ष रुजू झालेले असणे, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेच तेथून हलविले जाणे आणि काम संपल्यावर पुन्हा तेथेच परतणे, ही साखळी ज्याच्या बाबतीत तुटलेली नाही त्याचे महिने धरणे न्यायाचे होईल. कामानंतरचे सक्तीचे अलगीकरण आणि कामावर असताना झालेल्या कोविडची रजा यांनाही हाच न्याय लावावा लागेल. कर्तव्यावर आजारी पडलेल्याची सेवा त्या आजारानेच तुटली असे मानणे क्रूरपणाचे ठरेल.

याउलट ज्याने स्वतःच्या विनंतीवरून शहरात काम मागून घेतले, किंवा जो नेमणुकीच्या ठिकाणी कधी रुजूच झाला नाही, त्याला हा लाभ मिळण्याचे कारण नाही. बंधपत्राच्या डॉक्टरांचा प्रश्न यांच्या मधोमध पडतो. खेड्यात जाण्याआधीच त्यांना महाविद्यालयात थांबविण्यात आले. दोष त्यांचा नाही, पण खेडेही त्यांनी पाहिलेले नाही. त्यांचे बंधपत्र पूर्ण झाल्याचे मानणे योग्य होईल. दुर्गम सेवेचे गुण देणे मात्र कठीण आहे.

कोविड सेवा म्हणजे ग्रामीण सेवा नव्हे

एका मागणीचा येथे वेगळा विचार केला पाहिजे. साथीत काम केलेल्या सर्वच डॉक्टरांचा तो काळ, ते कोठेही नेमलेले असोत, ग्रामीण सेवेसमान धरावा असा विचार मांडला गेला तर तो मात्र मान्य करता येण्यासारखा नाही. मुंबई-पुण्याच्या अतिदक्षता कक्षांत झालेल्या कामाचे मोल कोणीही कमी लेखणार नाही. त्या कक्षांत दहा-दहा तास संरक्षक पोशाखात उभ्या राहिलेल्यांपैकी कित्येक डॉक्टर मृत्युमुखी पडले. परंतु त्या कामाचा सन्मान करण्याचे मार्ग निराळे आहेत आणि शासनाने ते अवलंबिलेही आहेत. ३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने जाहीर केले की, कोविडचे शंभर दिवस काम पूर्ण करणाऱ्यांना पुढील नियमित शासकीय भरतीत प्राधान्य देण्यात येईल. मृत्यू झाल्यास पन्नास लाख रुपयांच्या विम्याची योजना २०२० च्या मार्चमध्येच झाली होती. २०२०-२१ साठी केंद्रीय कोट्यातील पाच एम.बी.बी.एस. जागा कोविड योद्ध्यांच्या मुलांसाठी ठेवण्यात आल्या. त्यांपैकी एक सेवाग्रामच्या महाविद्यालयातील होती.

या सर्व तरतुदींनी कोविड सेवेला कोविड सेवा म्हणूनच मान दिला. तिला खेड्याचे नाव दिले नाही. ग्रामीण गुणांची सारी ताकद दुर्मीळतेत आहे. ते शहरातील कामालाही मिळू लागले तर मेळघाटात वा मोखाड्यात जाण्याचे कारण उरणार नाही, आणि ज्या विषमतेवर उपाय म्हणून ही तरतूद झाली ती विषमता तशीच राहील.

कागद आणि वेळ

कार्यालयीन अनुभव असा सांगतो की असे वाद तत्त्वावर जितके होतात, त्याहून अधिक अपुऱ्या कागदांमुळे होतात. साथीच्या घाईत निघालेल्या आदेशांत पुष्कळदा फक्त नावे व ठिकाणे होती. ही प्रतिनियुक्ती आहे की तात्पुरती सेवावर्ग व्यवस्था, मूळ पदावरील सेवा अखंड राहील की नाही, मुदत किती, यांपैकी काहीच नसे. दोन वर्षांनी प्रमाणपत्र देण्यास बसलेल्या अधिकाऱ्यापुढे मग सेवापुस्तकातील नेमणुकीची एक ओळ आणि कोविड रुग्णालयाच्या हजेरीपटाची छायाप्रत एवढेच उरते. एका जिल्ह्यातील अधिकारी पहिली ओळ प्रमाण मानतो, शेजारच्या जिल्ह्यातील दुसरी. सारख्याच सेवेबद्दल दोन डॉक्टरांना दोन निरनिराळे दाखले मिळाले की प्रकरण न्यायालयात जाणार, हे उघड आहे.

हे टाळणे अवघड नाही. आपत्तीत डॉक्टरला हलविणाऱ्या आदेशातच सेवेच्या अखंडतेविषयी एक वाक्य असले, कार्यमुक्त होण्याची व परत रुजू होण्याची तारीख सेवापुस्तकात त्याच महिन्यात नोंदली गेली, तर पुढचा निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा वेळेचा आहे. कोणता काळ धरावयाचा हे राज्याने प्रवेशाची माहितीपुस्तिका निघण्यापूर्वी ठरवावयास हवे. परीक्षेचा निकाल लागल्यावर काढलेल्या परिपत्रकाने, ते कितीही न्याय्य असले तरी, कोणाचा तरी क्रमांक बदलतो आणि तो त्याच्याकडे पाहून काढला अशी शंका घेण्यास जागा राहते. सरकारी भरतीच्या बाबतीत, प्रक्रिया सुरू झाल्यावर पात्रतेचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा अधोरेखित केले. प्रवेशाच्या बाबतीतही हाच विवेक अपेक्षित आहे.

पंचायत सदस्यांचा या साऱ्याशी काय संबंध, असे वाटणे शक्य आहे. संबंध निकटचा आहे. डॉक्टर हलविला जातो तेव्हा त्याचे गुण राखण्याची चर्चा होते. ज्या गावातून तो हलविला गेला त्या गावाचे काय, हे क्वचितच विचारले जाते. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आणि गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत लोकप्रतिनिधी बसतात. केंद्रातील डॉक्टर कोणत्या तारखेस गेला, त्याच्या जागी कोण आले, किती दिवस कोणीच नव्हते, याची नोंद समितीच्या इतिवृत्तात झाली तर ती दोन कामांची ठरते. परत आलेल्या डॉक्टरला ती आपल्या रुजू होण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. आणि त्याच डॉक्टरने पुढे पदव्युत्तर पदवी घेतल्यावर बंधपत्राची वर्षे कोणत्या भागात द्यावयाची हा विषय निघतो, तेव्हा रिकाम्या राहिलेल्या महिन्यांचा तो हिशेब जिल्हा परिषदेपुढे ठेवता येतो. स्त्रीरोगतज्ज्ञ अथवा भूलतज्ज्ञ होऊन तो त्याच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आला, तर अडलेल्या बाळंतिणीला चाळीस किलोमीटर नेण्याची गरज कमी होते.